वरच्या बाजूनं झिजलेली नखं

आधी आवाज आला.
धक्क्याच्या फळ्यांवर खर्र, मग एक ठोका, पुन्हा खर्र.
मला वाटलं, कुणी खेकड्यांचा पिंजरा ओढतंय.
वळून बघितलं तर रडर,
मागचा उजवा पंजा दुमडून, पालथा टेकवत चाललेली,
आणि तिला पत्ताच नाही.

दहा वर्षांची. रंग वाळल्या लव्हाळ्याचा,
केसांना बारीक लाटा, हात फिरवला की तेलकट लागतात.
पोहताना शेपटीनं अशी वळायची
की नॉर्मा लीनं पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, रडर.
जानेवारीत खाडीवरचा बर्फाचा पापुद्रा छातीनं फोडत
बदक घेऊन यायची,
पिसाला चुणी नाही.

केंब्रिजच्या दवाखान्यात डॉक्टर प्रूइटनं
तो पंजा उलटा करून जमिनीवर ठेवला
आणि हात काढून घेतला.
"धडधाकट कुत्रं लगेच सरळ करतं."
आम्ही तिघं पंजाकडे बघत राहिलो.
रडर माझ्या खिशाकडे बघत होती.

एमआरआयमध्ये गाठ नाही, दबलेली गादी नाही.
"मग चांगलंच की," मी म्हणालो.
"सापडलं असतं तर बरं झालं असतं, मिस्टर रुआर्क.
जे सापडतं ते कापता येतं."

मग गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला.
तीन आठवड्यांनी उत्तर:
सदोष जनुक आईकडून एक, बापाकडून एक.
बाप मी निवडला होता.
वायलीचा तो दांडगा कुत्रा, लांब पोहतो म्हणून.
"शंभर टक्के खात्री कधी?"
"मेल्यावर. मज्जारज्जूचा काप काचेखाली धरल्यावर."
खात्री राहू द्या, म्हणालो.

औषध नाही. व्यायाम आहे.
मंगळवारी आणि शुक्रवारी काचेची टाकी,
तळाशी सरकता पट्टा, कोमट पाणी पोटापर्यंत.
जन्मभर या खाडीनं मला पाण्याचे पैसे मागितले नाहीत;
इथं अर्ध्या तासाचे साठ डॉलर.
पहिल्या दिवशी रडरनं पाणी चाटलं
आणि माझ्याकडे बघितलं: मीठ कुठंय?
तमारा तिच्यामागे पाण्यात ओणवी,
प्रत्येक पावलाला पंजा उचलून सरळ ठेवते.
हं. आणि हं. आणि हं.
कधीतरी मधेच एखादं पाऊल
तमाराच्या हाताआधीच पडतं.
तेव्हा आम्ही कुणी काही बोलत नाही.

घरी मी पाय हातात घेऊन सायकलसारखे फिरवतो,
सकाळी वीस, रात्री वीस.
पंजांना जुन्या ट्यूबचे बूट शिवले.
नॉर्मा ली म्हणते,
माझ्या गुडघ्यांसाठी एवढं कधी केलं नाहीस.
खरं आहे.

दुखत नाही, असं सगळे पुन्हा पुन्हा सांगतात.
दुखत नाही तिला, अजिबात दुखत नाही.
पण दुखणं निदान बोट ठेवायला जागा देतं.
हे म्हणजे भरतीसारखं,
खांबावरची खूण बघावी तेव्हा पाणी वर गेलेलं.

खर्र आता थांबलंय.
पिंजऱ्याची तार वाकवून, बागेतल्या गाड्याची चाकं लावून
मी तिला गाडी केली.
डावं चाक कुरकुरतं.
तेल दे, नॉर्मा ली म्हणते. देत नाही.
अंधारात ती कुठं आहे ते कळतं.

काल संध्याकाळी ओहोटीला
पोटाखाली टॉवेलची झोळी धरून
तिला घरामागच्या उथळ पाण्यात नेलं.
पुढचे पाय लगेच कामाला लागले,
मागचे शेवाळासारखे तरंगत आले मागोमाग.
मी झोळी थोडी सैल केली. अजून थोडी.
कमरेपर्यंत पाण्यात उभा होतो,
शेपटी मला वाटलं डावीकडे वळली.
लाटही असेल.

नॉर्मा ली पायरीवरून ओरडली, काय झालं?
वळवली, मी म्हणालो. तिनं स्वतः वळवली.